रुळांच्या वाटेने वाढणारी गावे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शिरूर अनंतपाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी विद्वान नव्हे, आणि वक्ता तर नव्हेच. रस्ते, मोऱ्या आणि पूल ह्यांची मोजमापे घेण्यात ज्याच्या आयुष्याची तीस वर्षे गेली असा मी एक साधा अभियंता आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा 'शहरातील हलकी रेल्वे आणि नगरांची वाढ' असे मी कळविले. ते वाचून एका तरुण ज्ञातिबंधूने मला मिस्कीलपणे विचारले, "काका, शिरूरला मोठी रेल्वेच नाही, तिथे हलक्या रेल्वेची चर्चा कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्याला आगगाडी धरावयाची तर लातूर, लातूर रोड किंवा उदगीर गाठावे लागते. परंतु आज सकाळच्या सभेत ज्या प्रश्नावर दीड तास वाद झाला, त्या लातूरच्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या जागेच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ह्याच विषयात दडलेले आहे. यास्तव आपण थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

प्रथम 'हलकी रेल्वे' म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून फिरते तेव्हा त्यास होणारा विरोध हा रस्त्यावरून जाणाऱ्या चाकाच्या विरोधाहून कित्येक पटींनी कमी असतो. म्हणूनच दोन घोडे जी गाडी रस्त्यावरून ओढताना फेसाळून जातील, तिच्या कितीतरी अधिक भार ते रुळावरून लीलया ओढतात. ह्या गुणाचा लाभ घ्यावयाचा, पण मोठ्या रेल्वेचे जड इंजिन, जड रूळ, उंच भराव आणि प्रचंड पूल ह्यांचा खर्च टाळावयाचा, ह्या विचारातून हलकी रेल्वे जन्मास आली. शहरातील रस्त्यावरून धावली तर तिला ट्राम म्हणत, आणि गावोगावच्या शिवारांतून धावली तर लाईट रेल्वे. आज जगभर शहरांसाठी जी विजेवरची हलकी रेल्वे बांधली जाते, ती ह्याच घराण्यातली.

आणि ह्या घराण्यातील एक थोर वडीलधारी व्यक्ती आपल्याच अंगणात नांदून गेली, हे आपल्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना सांगावयास नको. मी बार्शी लाईटविषयी बोलत आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज अभियंता जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत होता. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाईन बार्शीला बाजूस टाकून गेली होती. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ. तिचा माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत न्यावा लागे. ह्या माणसाने हिशेब केला की, गाडीच्या प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही असा नियम पाळला, तर यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे रूळही पुरतात. मग गाडी लांब करावी, चाके वाढवावीत, भार वाटून द्यावा. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. जगातील अरुंद रेल्वेच्या बांधणीत ही लाईन नमुना म्हणून दाखविली जाई. (ह्याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्रीचा शोध लावण्यात आपले उत्तरायुष्य वेचले. एकदा माणसाचे चित्त 'थोड्या वजनात अधिक काम' ह्या कल्पनेस लागले म्हणजे ते कोठे थांबेल ह्याचा नेम नाही!) १९०६ साली लाईन पंढरपुरास पोचली, १९११ साली लातुरास, आणि १९२७ साली मिरजेस. अशी सारी मिळून २०२ मैलांची ती लाईन होती. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारच्या मालकीची झाली.

ह्यातील १९११ हे साल आपण ध्यानी ठेवावे. तोवर निजामाच्या राज्यातील ह्या भागाचा माल इंग्रजी हद्दीतील बार्शीच्या दिशेने गाड्यांमागून गाड्या भरून जात असे. लाईनीचे शेवटचे टोक जेथे असते तेथे पेठ वसते, हा साधा न्याय आहे; कारण बैलगाडीचा प्रवास तेथे संपतो आणि रुळाचा सुरू होतो. मधल्या ठिकाणी माल उतरतो, तोलला जातो, त्याचा भाव ठरतो, हमालाला काम मिळते, अडत्याला अडत मिळते, आणि ह्या सर्वांना भाकरी, बिछाना व धोतरजोडी विकणारा दुकानदारही तेथे येतो. टोक लातुरास आले आणि पेठही लातुरास आली.

ह्याचा पुरावा आजही लातुरात दगडाचुन्यात उभा आहे. गंजगोलाई आपण सर्वांनी पाहिली आहे. दिवाळीच्या, लग्नसराईच्या खरेदीस गेलेली आपली माताभगिनी तेथे कधी ना कधी वाट चुकलेलीच असते! फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने त्या गोल बाजाराचा आराखडा केला. मधली दुमजली इमारत १९१७ साली उभी राहिली, आणि तिच्या भोवतीच्या वर्तुळास सोळा रस्ते येऊन मिळाले. गाडी आली १९११ साली आणि गोलाई उभी राहिली १९१७ साली: मध्ये फक्त सहा वर्षांचे अंतर आहे. एका निजामी गावास सोळा दिशांनी येणारा माल सामावून घेणारा बाजार आखावासा वाटला, तो काही केवळ सौंदर्यदृष्टीने नव्हे. रूळ येतात तेव्हा ते केवळ माल नेत नाहीत, गावाला आपण कोठे आणि कसे वाढावे ह्याचा विचार करावयास लावतात. लातूर त्या काळी हा विचार करू शकले, ह्याचे मला आजही कौतुक वाटते.

आपल्या समाजाचा ह्या लाईनीशी असलेला संबंध तर अगदी हाताच्या कांकणाचा आहे. आपण कासार. आपल्या वाडवडिलांचा धंदा बांगड्यांचा आणि भांड्यांचा. माझे आजोबा लातुरास माल आणावयास जात, तेव्हा शिरूरहून बैलगाडीने दोन दिवसांची वाट असे. काचेच्या बांगड्या उत्तरेकडून, फिरोजाबादेहून, पेंढ्यात बांधलेल्या खोक्यांतून येत. त्या मोठ्या लाईनीने कुर्डुवाडीपर्यंत येत आणि तेथे साडेपाच फुटी गाडीतून उतरून अडीच फुटी गाडीत चढत. आजोबा म्हणत, "आपली बांगडी फिरोजाबादेपासून कुर्डुवाडीपर्यंत फुटत नाही, कुर्डुवाडीत फुटते." शिवाय निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका होता, आणि हिशेब हाली रुपयांत करावा लागे तो वेगळाच. तरीही आजोबांना बार्शी लाईट अत्यंत प्रिय होती. गाडी इतकी सावकाश चाले की उतरून शेतातली हरभऱ्याची जुडी घेऊन पुन्हा चढावे, अशी तिची थट्टा आम्ही लहानपणी ऐकली आहे. पण ती गाडी लातूरच्या वस्तीतच येऊन थांबत असे. खोकी डोक्यावर घेऊन हमाल पायी बाजारात येई. आमच्या आजीला गाडीचे वेळापत्रक पाठ नव्हते, परंतु गाडी आल्यावर किती वेळाने आजोबा दुकानात पोचतील हे मात्र तिला अचूक ठाऊक असे.

कुर्डुवाडीतील त्या फुटलेल्या बांगड्या मी अभियंता झाल्यावर मला पुन्हा पुन्हा आठवल्या. वाहतुकीचे अर्धे शास्त्र 'गाडी किती वेगाने धावते' ह्यात नसून 'एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाताना काय फुटते' ह्यात आहे. पूर्वी माल फुटत असे. आता माणसाचा वेळ, पैसा आणि धीर फुटतो.

ह्याचे उदाहरणही लातूरच. अरुंद लाईन जाऊन ब्रॉडगेज झाली. २००७ साली लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, आणि २००८ साली पुढे कुर्डुवाडीपर्यंत. जुनी लाईन धाराशिव शहरास टाळून येडशीवरून जात असे. नवी लाईन मुद्दाम त्या शहराजवळून नेली, हे उत्तम झाले. कुर्डुवाडीची ती उतरचढ संपली, मुंबईस थेट गाडी मिळू लागली, हाही मोठाच लाभ. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागविण्यास मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी १२ एप्रिलला आले. ते ह्याच बार्शी लाईटच्या ठरवून दिलेल्या वाटेने आले. ज्या वाटेने आजोबांच्या बांगड्या आल्या त्याच वाटेने नातवंडांचे पाणी आले. १९२७ साली मिरजेपर्यंत रूळ नेणाऱ्यांच्या स्वप्नातही हे नसेल.

पण ब्रॉडगेजचे स्थानक झाले ते शहराच्या बाहेरच्या अंगास. जुनी लाईन शहराच्या मधून गेली होती. 'जुनी रेल्वे लाईन' हे शब्द लातूरकरांच्या घरांच्या आणि दुकानांच्या पत्त्यांत अजून टिकून आहेत. त्या पत्त्यांवरून आता मोटारी आणि रिक्षा धावतात. मी त्यास दोष देत नाही. ब्रॉडगेजला वळणे मोठी लागतात, जागा अधिक लागते, आणि शहरातून ती नेणे अवघड होते. परंतु शहराच्या पोटातून गेलेली, एकसलग, सरळ, सार्वजनिक मालकीची जमिनीची पट्टी ही नगररचनाकारास मिळणारी सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. पुण्यामुंबईत अशी पट्टी मिळविण्यासाठी घरे पाडावी लागतात, कोर्टकचेऱ्या होतात, नाहीतर जमिनीखाली बोगदे खणावे लागतात. लातुरास ती आयती मिळाली होती. तिच्यावर केवळ मोटारीचा विचार झाला, ह्याची खंत मला अभियंता म्हणून वाटते.

हीच चूक मुंबईने ह्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर केली. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत. भाडे प्रथम तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आणावे लागले. तीन आण्यांची ट्राम साहेबांची आणि दोन आण्यांची ट्राम सर्वांची, हा अनुभव कंपनीला लवकरच आला. १९०७ साली विजेची ट्राम आली, १९२० साली दुमजली ट्राम आली. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा भागांत जमिनी घेऊन, रुंद रस्ते आखून नव्या वस्त्या वसविल्या. आणि ज्या नोकरदाराला बोरीबंदराकडे कामास जावयाचे, त्याला ती वस्ती परवडली ती ट्राम आणि लोकल ह्यांच्या जोरावर. दादर टी.टी. ह्या नावातील 'टी.टी.' म्हणजे 'ट्राम टर्मिनस', हे मुंबईत राहणाऱ्या आपल्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. ट्राम गेली, पण तिने वसविलेल्या चौकाने तिचे नाव सोडले नाही.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली, आणि लोकांनी गर्दी करून तिला निरोप दिला. ट्राम वाटेत अडते, बस कोठेही वळविता येते, असे म्हणून ती बंद झाली. ती चूक होती असे म्हणताना त्या काळच्या अधिकाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे: रूळ झिजले होते, गाड्या जुन्या झाल्या होते, उत्पन्न पुरत नव्हते, आणि साऱ्या जगातच तेव्हा ट्राम उखडण्याची लाट होती. परंतु रूळ काढून मोकळी झालेली जागा बसला मिळाली नाही. ती खाजगी मोटारीने व्यापली. पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, ८ जून २०१४ रोजी, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावर मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. म्हणजे जे जमिनीवर होते ते काढून टाकावयाचे आणि अर्धशतकाने तेच अनेक पटींच्या खर्चाने खांबांवर चढवावयाचे!

महाराष्ट्रात दुसरीही ट्राम होती. नाशकात १८८९ पासून घोड्यांची ट्राम नाशिकरोड स्टेशन ते गावातील मेनरोड अशी आठ-दहा किलोमीटर धावत असे. मोठी लाईन गावापासून दूर राहिली होती, ते अंतर तिने भरून काढले. १९३०च्या सुमारास तीही तोट्यात जाऊन बंद पडली. त्याच नाशकासाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रबरी चाकांच्या 'निओ मेट्रो'करिता २,०९२ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. त्यानंतर कित्येक वर्षे ती गाडी कागदावरच राहिली. दूरच्या स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर कसे भरावे, हा नाशकाचा एकोणिसाव्या शतकातील प्रश्न आणि लातूरचा एकविसाव्या शतकातील प्रश्न एकच आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच.

परदेशांत लाट उलट फिरली. फ्रान्समध्ये नाँत शहराने १९८५ साली आणि स्ट्रासबर्गने १९९४ साली ट्राम पुन्हा आणली. स्ट्रासबर्गने तर भर चौकातून मोटारी हटविल्या आणि ट्राम व पायी चालणारा ह्यांना तो चौक दिला. व्यापाऱ्यांनी प्रथम ओरड केली, हे आपल्यासारख्या दुकानदारी करणाऱ्या समाजास समजण्याजोगे आहे. मोटार दारात थांबली नाही तर गिऱ्हाईक कोठून येणार? परंतु गिऱ्हाईक मोटार नसते, माणूस असते. गोलाईत खरेदीला येणारी बाई मोटार दुकानाच्या दारात लावू शकते का? ती कोठेतरी उतरते आणि चालतच येते. आपला धंदा नेहमी चालणाऱ्या माणसावरच चालला आहे.

आता आपल्या मुलाबाळांच्या शहरांकडे वळू. नागपुरात २०१९ साली मेट्रो सुरू झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात तिचा पहिला टप्पा पुरा झाला. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी दोन तुकड्यांनी आरंभ झाला आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी गाडी जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली. ह्या मोठ्या मेट्रो आहेत, हलक्या नव्हेत. लहान शहरांकरिता केंद्र सरकारने २०१९ साली 'मेट्रोलाईट' नावाची धोरणे प्रसिद्ध केली: रस्त्याच्या पातळीवर, स्वतंत्र पट्टीतून धावणारी, दोनतीन डब्यांची गाडी, जी तासाला एका दिशेने पंधरा हजारांपर्यंत माणसे नेईल आणि मोठ्या मेट्रोच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्क्यांत उभी राहील. कल्पना कॅलथ्रॉपचीच आहे: भार कमी ठेवा, म्हणजे खर्च कमी होईल. ह्या कल्पनेचे दुर्दैव असे की आपल्याकडे प्रत्येक शहराला मोठीच मेट्रो हवी असते. खांबावरून गाडी गेली की शहर मोठे झाले, असा एक समज पसरला आहे. लग्नात वाजंत्री जितकी मोठी तितकी घराची प्रतिष्ठा मोठी, त्यातलाच हा प्रकार.

आणि केवळ रूळ टाकले म्हणजे शहर वाढते, असेही नाही. मुंबईची मोनोरेल २०१४ साली सुरू झाली, २०१९ साली पुरी झाली. सुमारे वीस किलोमीटरची लाईन. पण तिच्या वाटेवर माणसांची दाट येजा नव्हती, आणि लोकलच्या स्थानकांशी तिची गाठ नीट पडली नाही. डबे रिकामे राहिले, बिघाड होत राहिले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात ती सुधारणेसाठी बंद ठेवावी लागली. पुन्हा कुर्डुवाडीचीच गोष्ट.

रूळ आले की जमिनीचे भाव चढतात, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. तो चढलेला भाव कोणाच्या पदरात पडावा, हा खरा प्रश्न आहे. तो भाव शेतकऱ्याने निर्माण केलेला नसतो, दलालाने तर नाहीच. तो सार्वजनिक पैशाने निर्माण झालेला असतो. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आधी जमीन घेतली आणि मग रस्ता आखला, म्हणून त्या भावाचा काही वाटा शहराला मिळाला. आज मुंबई, पुणे, नागपूर येथे घर घेताना मुद्रांकाबरोबर एक टक्का मेट्रो-अधिभार भरावा लागतो, त्यामागे हाच विचार आहे. आपल्या मुलांनी तो भरताना कुरकुर केली तरी त्यात अन्याय नाही.

ह्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुण्याच्या मेट्रोस केंद्राची अंतिम मंजुरी २०१६ च्या डिसेंबरात मिळाली. त्याच्या पुष्कळ आधी एका गृहस्थाने मला एक नकाशा दाखविला, त्यावर तांबड्या शाईने रेघ ओढलेली होती. "साहेब, पाच वर्षांत दारात मेट्रो," असे तो म्हणाला. तीस वर्षे नकाशे पाहिलेल्या ह्या अभियंत्याने तो नकाशा कोणी काढला आहे हे न विचारता पेन्शनच्या पैशांतून गुंठा-दोन गुंठे घेतले. लाईन झाली, पण ती माझ्या जमिनीपासून कोसभर दूर. आजही तेथे जावयाचे तर दोन बसगाड्या आणि एक रिक्षा लागते. सौभाग्यवतींनी त्या जमिनीचे नाव 'मेट्रो फार्म' असे ठेवले आहे. येणाऱ्या लाईनीवर भरवसा ठेवून जागा घेऊ नये, चालू असलेल्या लाईनीवर घ्यावी, हे शहाणपण मला ह्या पैशात मिळाले.

आता वसतिगृहाकडे येतो. लातूर २०११ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ८२ हजारांचे शहर होते, आणि त्याच वर्षी तेथे महानगरपालिका झाली. ह्या आकाराच्या शहरास आज मेट्रो नको. मेट्रोलाईटही आज नको. त्यास हवी आहे ती वेळेवर धावणारी बस, स्थानकापासून गोलाईपर्यंत आणि शिकवण्यांच्या वस्तीपासून उपनगरांपर्यंत. आणि त्या बसकरिता राखून ठेवलेली रस्त्याची पट्टी, जिच्यावर पंचवीस-तीस वर्षांनी कोणास रूळ टाकावेसे वाटले तर घरे पाडावी लागणार नाहीत. हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आला. २०१८ साली त्याचा पाया घातला गेला आणि २०२० च्या डिसेंबरात तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. मेट्रोचे डबे येथे होणार, अशी तेव्हा घोषणा होती. इतर शहरांसाठी डबे घडविणाऱ्या गावाने स्वतःच्या रस्त्यांत एक पट्टी मोकळी ठेवावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आपल्यापुढे दोन जागा आहेत. एक शहराबाहेर, वळणरस्त्याच्या पलीकडे, चांगली दोन एकर. एका दानशूर ज्ञातिबंधूने ती मंडळास विनामूल्य देऊ केली आहे. दुसरी शहरात, बसच्या चालू मार्गावर, अवघी सहा गुंठे; तिची किंमत ऐकून सकाळी सभेत अनेकांनी कपाळास हात लावला. दाता समोरच बसलेला आहे, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात केवळ आदर आहे. तरीही मला सांगितले पाहिजे की वसतिगृह दोन एकरांत बांधू नये.

कारण वसतिगृह कोणासाठी आहे? शिरूर, साकोळ, देवणी अशा गावांतून लातुरास शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलींसाठी आणि मुलांसाठी. त्यांची शिकवणी सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री नऊला सुटते. दोन एकरांच्या त्या जागेपासून शिकवणीपर्यंत बस नाही. रिक्षाचे जाण्यायेण्याचे भाडे महिन्याकाठी किती होईल ह्याचा हिशेब मी काढला आहे. दोन वर्षांच्या रिक्षाभाड्यात एका मुलीचे एक वर्षाचे जेवण होते. आणि रात्री नऊ वाजता वळणरस्त्यावरून एकट्या मुलीला जावे लागेल म्हणून तिचा बाप तिला पाठविणारच नाही. ही बाब हिशेबात मांडता येत नाही, पण आपण सर्व जण ती जाणतो. वसतिगृह मोठे असेल, त्यास मैदान असेल, बगीचा असेल, आणि त्यात मुलांच्याच खोल्या भरतील.

सकाळी एका बंधूंनी असा मुद्दा मांडला की, पुढेमागे त्या बाजूस बस येईल, वस्ती होईल, भाव चढेल. होईलही. 'मेट्रो फार्म'चा मालक ह्या नात्याने मी त्यास विरोध करणार नाही! भाव चढावा, आणि तो मंडळाच्या पदरात पडावा, ह्यासाठी मी असे सुचवितो की ती दोन एकर जमीन मंडळाने कृतज्ञतेने स्वीकारावी, दात्याचे नाव तिला द्यावे, आणि ती विकू नये. तूर्त ती कराराने कसावयास द्यावी. उत्पन्न वसतिगृहाच्या खर्चास लावावे. आणि वसतिगृह मात्र सहा गुंठ्यांत, तीन मजली, बसच्या थांब्याच्या हाकेच्या अंतरावर बांधावे. सहा गुंठ्यांच्या किमतीचा बोजा जड आहे, हे मान्य. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने काय द्यावे, हा विषय खजिनदारांचा. माझा आकडा मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिला आहे.

शेवटी एक व्यवहारातील सूचना. दोन्ही जागा समितीने पाहिल्या आहेत, पण त्या मोटारीतून आणि भर दुपारी पाहिल्या आहेत. येत्या आठवड्यात समितीच्या सर्व सभासदांनी, आणि विशेषतः समितीवर नसलेल्या दोनतीन भगिनींनी, रात्री नऊ वाजता शिकवणीच्या दारापासून निघून दोन्ही जागांपर्यंत जावे. एकदा बसने, एकदा रिक्षाने, आणि जमेल तेथे पायी. माझे गुडघे आता दुखतात, तरी मी बरोबर येईन. घड्याळ आणि वही मी आणतो. दिवस चिटणीसांनी ठरवावा.